शीतित व गोठित रेत : श्वानप्रजननातील कृत्रिम रेतन आणि मुधोळ कुत्र्याचा प्रश्न

बेळगाव-निपाणी पट्ट्यातील शेतकऱ्याला कृत्रिम रेतन ही गोष्ट नवीन नाही. गाय माजावर आली की पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप जातो, द्रवनत्राच्या भांड्यातून एक बारीक कांडी निघते आणि गाय भरवली जाते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बायफ' संस्थेने आणि निरनिराळ्या राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी हे तंत्र खेडोपाडी नेले. त्यामुळे 'गाईला जमते ते कुत्रीला का जमू नये?' असा प्रश्न श्वानपालकांकडून नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. जीवशास्त्राच्या अध्यापकांना पेशी, पटल आणि संप्रेरके हे तिन्ही पाठ एकाच उदाहरणावर शिकवता येतील इतका हा विषय भरलेला आहे.

या भागात प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बेळगावातील खासबाग, शहापूर, वडगाव या विणकरांच्या वस्त्यांपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर मुधोळ आहे. कन्नड महाकवी रन्नाचे हे गाव पुढे घोरपडे या मराठा घराण्याच्या संस्थानाची राजधानी झाले. तेथील सडपातळ, लांब पायांचा शिकारी कुत्रा राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासला आणि इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना त्याची जोडी भेट दिली. 'मुधोळ हाउंड' हे नाव तेव्हापासून रूढ झाल्याचे सांगितले जाते. महाराष्ट्रात याच कुत्र्याला 'कारवानी' म्हणतात. मूळ फारसी शब्द 'कारवान', म्हणजे तांडा. तांड्याबरोबर चालणारा तो कारवानी. कुत्र्याच्या अंगावर नसला तरी त्याच्या नावावर इतिहासाचा ठसा असा राहून गेला आहे. २००५ साली भारतीय डाक खात्याने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ मध्ये ही कुत्री प्रशिक्षणासाठी लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात गेली. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने ज्या मोजक्या श्वानजातींची नोंद केली, त्यांत राजपालयम व चिप्पीपराई यांच्या बरोबरीने मुधोळ आहे. मुधोळ तालुक्यातील तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्रही आहे.

एवढी प्रतिष्ठा असूनही जातिवंत जनावरांची संख्या थोडीच आहे, आणि अडचण येथूनच सुरू होते. खासबागेत एखाद्याने मुधोळची मादी पाळली, तर तिच्यासाठी अनोळखी रक्ताचा नर जवळपास मिळत नाही. मग पुष्कळदा त्याच वेतातला भाऊ किंवा बापच लावला जातो. पिल्ले होतात, दिसायलाही बरी दिसतात, पण दोन-तीन पिढ्यांत वेत लहान होऊ लागते, मरतुक वाढते आणि दडलेले दोष वर येतात. लांबच्या नराचे रेत आणता आले तर ही कोंडी फुटू शकते.

इतिहासातील एक विसंगती

सस्तन प्राण्यातील कृत्रिम रेतनाचा पहिला नीट नोंदलेला प्रयोग गाईवर नव्हे, कुत्रीवर झाला. इटलीतील पाद्री व निसर्गशास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी याने १७८० साली माजावर आलेल्या कुत्रीला कोंडून ठेवले, पिचकारीने ताजे रेत गर्भमार्गात सोडले आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. म्हणजे हे तंत्र जन्मले कुत्रीत आणि वाढले गाईत. त्याला आर्थिक कारण आहे, कारण दूध विकले जाते. शास्त्रीय कारणही आहे. ते पुढे येईल.

रेत गोठवून जिवंत ठेवण्याची किल्ली १९४९ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ व ॲलन पार्क्स यांच्या हाती लागली, आणि तीही बाटल्यांवरील चिठ्ठ्यांच्या गोंधळातून. साखरेचे द्रावण समजून वापरलेल्या बाटलीत प्रत्यक्षात ग्लिसरॉल होते आणि त्यातील कोंबड्याच्या रेतपेशी गोठूनही जगल्या. कुत्र्याच्या बाबतीत १९५४ साली हॅरप यांनी थंड करून पाठवलेल्या रेतापासून पिल्ले मिळवली, तर गोठित रेतापासूनची पिल्ले १९६९ मध्ये स्टीफन सीगर यांच्या नोंदीत दिसतात.

थंड करणे आणि गोठवणे

हे दोन शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण प्रक्रिया अगदी वेगळ्या आहेत.

नराचे रेत तीन टप्प्यांत येते. पहिला भाग थोडा व पाण्यासारखा, दुसरा दुधी रंगाचा व रेतपेशींनी दाट, आणि तिसरा प्रोस्टेट ग्रंथीचा पातळ स्राव, जो आकारमानाने सर्वांत जास्त असतो. साठवणीसाठी फक्त दुसरा भाग घ्यायचा. तिसरा भाग मिसळला तर पेशींचे आयुष्य घटते.

शीतित रेत म्हणजे ४ ते ५ अंश सेल्सियसपर्यंत हळूहळू उतरवलेले रेत. येथे 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. रेतपेशीचे पटल स्निग्ध पदार्थांचे असते. थंडीत खोबरेल थिजते तसे हे पटलही एकदम थंड झाल्यास जागोजागी कडक होते आणि गळू लागते. याला शीताघात म्हणतात. तो टाळण्यासाठी रेतात विरलक मिसळतात. त्यात अंड्याचा बलक, आम्लता स्थिर राखणारी ट्रिस व सायट्रिक आम्लाची जोडी, इंधन म्हणून ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज आणि जंतूंना आळा घालणारे प्रतिजैविक असते. बलकातील लायपोप्रोटीन पटलाला सांभाळते. असे रेत एक-दोन दिवस चांगले टिकते. उत्तम विरलकात त्याहून थोडे अधिक टिकते. थर्मासच्या डब्यात नेताना नळी बर्फाला थेट टेकू द्यायची नाही, एवढी काळजी पुष्कळांकडून राहून जाते.

गोठित रेतात शीताघाताच्या जोडीला दुसरे संकट येते. पाणी गोठताना स्फटिक तयार होतात. बाहेरचे पाणी आधी गोठते, उरलेले द्रावण खारट होते आणि पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. ग्लिसरॉल या दोन्ही माऱ्यांची धार बोथट करते, परंतु प्रमाण चुकले तर तेच विषारी ठरते. ग्लिसरॉलयुक्त रेत अर्ध्या मिलिलिटरच्या कांड्यांत भरून, द्रवनत्राच्या वाफेत धरून, शेवटी उणे १९६ अंशांत बुडवतात. त्या तापमानाला पेशीतील सर्व रासायनिक व्यवहार थांबतात, म्हणून वीस वर्षांनी काढलेली कांडी तत्त्वतः कालच्यासारखीच असते. वापरताना ती ३७ अंशांच्या पाण्यात सुमारे अर्धा ते एक मिनिट धरतात.

एवढे करूनही निम्म्याच्या आसपास पेशी दगावतात, आणि वाचलेल्या पेशीही थकलेल्या असतात. ताज्या रेतातील पेशी मादीच्या शरीरात चार-सहा दिवस तग धरतात. शीतित रेतातील पेशी साधारण दोन-तीन दिवस, तर गोठित रेतातील पेशी जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतात. श्वानप्रजननातील बहुतेक अपयशे या एका फरकातून निघतात.

गाईचा हिशेब कुत्रीला लागू पडत नाही

गाय साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. कांडी वाया गेली तर तीन आठवडे वाट पाहायची. कुत्री बहुधा सहा-सात महिन्यांनी माजावर येते. एक चूक म्हणजे अर्धे वर्ष गेले. शिवाय गाईचे अंडे सुटते ते फलनास तयार असते. कुत्रीचे अंडे अपक्व सुटते. त्याला पक्व व्हायला आणखी दोन ते तीन दिवस लागतात आणि त्यानंतर ते दोन-तीन दिवसच उपयोगी राहते. नर प्रत्यक्ष लावला असेल तर त्याच्या पेशी आत वाट पाहत थांबतात आणि माणसाची घाई खपून जाते. गोठित रेताला थांबण्याची ताकद नाही.

श्वानपालक मात्र रक्तस्राव दिसल्यापासून दिवस मोजतात आणि 'दहावा-बारावा दिवस' ठरवून टाकतात. एखादीचे अंडे आठवड्यातच सुटते, एखादीचे तीन आठवडे उलटले तरी सुटत नाही. भरवशाची खूण रक्तातील प्रोजेस्टेरॉन ही आहे. एलएच संप्रेरकाची लाट येते तेव्हा ते प्रति मिलिलिटर २ ते ३ नॅनोग्रॅम असते. दोन दिवसांनी अंडी सुटतात तेव्हा ते ५ ते ८ च्या घरात पोहोचते. दर दोन दिवसांनी तपासणी केली की हा चढ सापडतो. माणसांच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतही ती होऊ शकते. योनिमार्गातील पेशींची काचपट्टी पाहून माज कितपत चढला हे कळते, पण नेमका दिवस कळत नाही.

समजा, खासबागेतील एका कुत्रीची अंडी मंगळवारी सुटली. पक्व व्हायला गुरुवार-शुक्रवार उजाडेल. शीतित रेत असेल तर गुरुवारी आणि शनिवारी, गोठित असेल तर शुक्रवारी रेतन करावे. सुटी आहे म्हणून रविवार निवडला, तर गोठित कांडीची संधी बहुधा निघून गेलेली असेल. सोमवारीच केले, तर पेशी अंड्याच्या कितीतरी आधी मरून जातील. गर्भकाळही अंडी सुटल्यापासून मोजल्यास ६३ दिवसांच्या एक-दोन दिवस पुढेमागे येतो.

दुसरी अडचण शरीररचनेची. गाईच्या गुदद्वारातून हात घालून गर्भाशयमुख धरता येते. कुत्रीचा योनिमार्ग लांब व निमुळता असतो आणि गर्भाशयमुख तिरके असते. ताजे व शीतित रेत योनिमार्गात खोल सोडले तरी भागते, पण गोठित रेत गर्भाशयातच पोहोचवावे लागते. त्यासाठी नॉर्वेत विकसित झालेली धातूची नळी किंवा दुर्बीण वापरतात. दोन्हींसाठी सरावलेला पशुवैद्य लागतो. पोट उघडून रेत सोडण्याची शस्त्रक्रियाही काही ठिकाणी केली जाते. परंतु केवळ पिल्लांच्या हव्यासापायी निरोगी जनावराचे पोट फाडणे युरोपातील काही देशांत निषिद्ध मानले जाते, आणि ते योग्यच वाटते.

तिसरी गोष्ट मात्रेची. गाईला एका वेळी दोन कोटींच्या आसपास रेतपेशी पुरतात, म्हणून एका वळूच्या एका संकलनातून शेकडो कांड्या निघतात. कुत्रीला गोठित रेतातील १० ते २० कोटी चालत्या पेशी लागतात. समजा नराने ६० कोटी पेशी दिल्या आणि निम्म्या वाचल्या, तर फार तर दोन-तीन मात्रा हाती येतील. हे तंत्र कुत्र्यात स्वस्त का होत नाही, ते या हिशेबावरून कळते.

मग कोणाला काय उपयोगी?

खासबाग ते मुधोळ हे अंतर तीन तासांचे आहे. एवढ्या अंतरासाठी द्रवनत्राचे भांडे, कांड्या आणि दुर्बीण यांचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. सकाळी घेतलेले रेत थंड करून दुपारपर्यंत येथे पोहोचते आणि कुत्रीचा प्रवासही वाचतो. गोठित रेताची खरी गरज अंतरासाठी कमी आणि काळासाठी अधिक आहे. आज ज्या नराच्या रक्ताचा वंश कोणाकडेच उरलेला नाही, त्याच्या दहा-वीस कांड्या राखल्या, तर त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनीही ते रक्त जातीत परत आणता येते. थोड्या संख्येच्या देशी जातीसाठी अशी पेढी ही चैन म्हणता येणार नाही.

मात्र हेच साधन उलटही चालते. प्रदर्शनात बक्षीस मिळवलेल्या एकाच नराचे रेत सर्वांनी मागवले, तर अंतराची अडचण गेली तरी नात्यातली जवळीक वाढते. पूर्वी तो नर एका तालुक्याचा बाप होत असे, आता चार जिल्ह्यांचा होईल. म्हणून कोणत्या नराच्या किती मात्रा द्यायच्या, याची मर्यादा आधी ठरली पाहिजे. कांडीवर नराची ओळख, जात व संकलनाची तारीख हवी, आणि पिल्लांचे पितृत्व डीएनए तपासणीने पडताळून पाहता यावे.

रोगांबाबतही अर्धवट समज आढळते. भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी गुप्तांगावरील गाठ कृत्रिम रेतनामुळे टळते, हे खरे. परंतु ब्रुसेला कॅनिस हा गर्भपात घडवणारा जंतू रेतातूनही जातो, गोठवल्याने मरत नाही आणि माणसालाही होऊ शकतो. नर व मादी दोघांची रक्ततपासणी माज सुरू होण्यापूर्वीच झालेली असावी, कारण माज चालू असताना अहवालाची वाट पाहायला सवड नसते.

कायद्याची चौकट २०१७ च्या केंद्रीय श्वानप्रजनन नियमांनी घातली. त्यांनुसार व्यवसाय करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. मादी १८ महिन्यांपेक्षा लहान किंवा ८ वर्षांपेक्षा मोठी नसावी, बारा महिन्यांत एकच वेत घ्यावे, आयुष्यात पाचाहून अधिक नको, आणि पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी विकू नये. रेत थर्मासमधून आले काय किंवा नर दारात आला काय, मादीच्या वयाची आणि वेतांची ही मोजणी बदलत नाही.