परसांतील पडीक विहीर

विहार तलावाचें पाणी १८६० सालीं मुंबईंत नळांनीं येऊं लागलें आणि घरोघरच्या विहिरींची थोरवी ओसरली. विहिरी मात्र जागच्या जागींच राहिल्या. शहरांतील हिवताप पसरविणाऱ्या डांसांची पैदास मुख्यतः या घरगुती विहिरींत होते, हें डॉ. बेंटली यांनीं १९११ च्या अहवालांत दाखवून दिलें. तेव्हां त्या बुजवाव्यात कीं नाहीं यावर मोठा वाद माजला. पुष्कळांच्या मनांत विहीर ही पूजेची वस्तु होती.

आजहि जुन्या वाड्यांच्या व बंगल्यांच्या आवारांत अशी एखादी विहीर सांपडते. घरमालक तिच्यावर फळ्या टाकतो, वर मोगऱ्याची कुंडी ठेवतो आणि निश्चिंत होतो. फळी दोन-चार पावसाळ्यांत खालून कुजते. वरून ती धडधाकटच दिसते. दुसरा कोणी विहिरींत केर व राडारोडा लोटून देतो. हा उपाय तर पहिल्याहून वाईट! जमिनींत मुरणारें पाणी मातीच्या थरांतून गाळलें जातें. विहीर म्हणजे तें गाळणें चुकवून थेट झऱ्यापर्यंत जाणारी वाट. तींत टाकलेल्या घाणीचा अंश शेजाऱ्याच्या विहिरींत उतरूं शकतो. शिवाय केर कुजतो, भराव खचतो आणि अंगणांत अवचित खड्डा पडतो.

विहीर भरण्यापूर्वीं आंतील केरकचरा काढावा लागतो, आणि खरा धोका तेथेंच असतो. पालापाचोळा कुजून प्राणवायु कमी होतो. कर्बाम्लवायु जड असल्यामुळें तळाशीं सांचतो. कंदील सोडून पाहण्याच्या जुन्या रीतीवर विसंबणें बरें नव्हे. विषारी वायु असूनहि दिवा जळत राहूं शकतो, आणि वायु ज्वालाग्राही असला तर तोच दिवा घात करतो. आंत उतरलेला एकजण कोसळला कीं दुसरा त्याला काढावयास धांवतो आणि तोहि वर येत नाहीं. म्हणून शक्य तें सर्व वरूनच, गळानें व पंपानें, जाणत्या माणसांकडून करवावें.

मग पाण्याच्या पातळीपर्यंत स्वच्छ वाळू व खडी घालावी. त्यावर चिकणमातीचे थर द्यावेत. प्रत्येक थर किंचित् ओलावून धुम्मसानें ठोकावा. कठड्यासह वरचें सुमारें एक मीटर बांधकाम काढावें, म्हणजे चिकणमाती भोंवतालच्या जमिनीशीं एकजीव होते. माथा थोडा उंचच ठेवावा. पहिल्या पावसाळ्यांत तो बसतो आणि पुन्हां माती घालावी लागते.

कूपनलिकेचें तोंड लहान, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाहीं. हरियाणांतील कुरुक्षेत्र जिल्ह्यांत २००६ सालीं एक लहान मुलगा अशा नळींत पडला व सुमारें दोन दिवसांनीं जिवंत निघाला. पुष्कळ मुलें निघालीं नाहींत. पडीक कूपनलिका तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे यांनीं भरावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं ठरवून दिलें.

बांधकाम मजबूत आणि पाणी चांगलें असेल तर विहीर बुजविण्याची घाई कशाला? लोखंडी जाळी व तिच्यावर डांस अडविणारी बारीक जाळी बसवून तेंच पाणी बागेला घेतां येतें.