खिडकीसमोरची भिंत

सरकारी रुग्णालयाच्या क्षयरोग विभागात एकाच घरातला दुसरा, कधी तिसराही रुग्ण येतो. नोंदवहीत त्याचे नाव, वय, वजन आणि थुंकीच्या तपासणीचा निकाल लिहिला जातो. घराला खिडकी आहे का आणि ती उघडल्यावर समोर काय दिसते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. शहराच्या कडेला गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या वस्त्यांत याचे उत्तर बहुधा एकच असते : शेजाऱ्याची भिंत.

इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेला बांधकाम नियमांत ‘सामासिक अंतर’ म्हणतात. विनापरवाना बांधकामात पहिला बळी याच जागेचा जातो, कारण ती विकता येत नाही. त्यानंतर खोलीची उंची, खिडकीचा आकार आणि जिन्याची रुंदी यांचा क्रम लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण व दमट हवामानात खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश असावे लागते. हे प्रमाण रोगप्रतिबंधासाठीही महत्त्वाचे आहे.

क्षयाचा रुग्ण खोकतो किंवा बोलतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. बंद खोलीत ते काही तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होऊन बाहेर जातात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी जंतू मरतात. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५० च्या दशकात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळ्यांमधून गिनीपिगच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णांजवळ कधीही न गेलेल्या त्या प्राण्यांनाही क्षय झाला. ज्या गटाकडे जाणाऱ्या हवेवर आधी अतिनील किरण सोडले होते, तो मात्र बचावला.

मुंबईला हा धडा त्याआधीच प्लेगने वेगळ्या तऱ्हेने शिकवला होता. १८९६ च्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हते. दोष कोंदट खोल्यांना दिला गेला. त्यातूनच न्यासाने साडेत्रेसष्ट अंशांचा ‘प्रकाश कोन’ आग्रहाने मांडला. त्याचा सोपा अर्थ असा की समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त नसावी. कारण चुकले, तरी उपाय क्षयासाठी योग्य ठरला. पण न्यासाने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या सुरुवातीच्या काळात बांधल्या नाहीत. हटवलेली माणसे जवळच्या चाळींतच दाटीने राहू लागली.

त्या हिशेबाने सात मजली, साधारण २१ मीटर उंच इमारतींमध्ये साडेदहा मीटर अंतर हवे. मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागात झोपडपट्टीवासीयांसाठी उभारलेल्या काही वसाहतींत ते सुमारे तीन मीटर आहे. या इमारती बेकायदा नाहीत. पुनर्वसनासाठी नियमच शिथिल करण्यात आले होते. तेथील तीन वसाहतींच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाटीने बांधलेल्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. गरिबी, कुपोषण आणि गर्दी यांचाही वाटा असतो. तरीही परवानगीचा कागद असला म्हणजे घर निरोगी असतेच असे नाही, एवढे त्यातून नक्की समजते.

हीच अडचण कारवाईच्या पद्धतीत आहे. पालिकेकडे मुख्यतः दोन हत्यारे असतात : हातोडा आणि दंड. हातोडा पडला की कुटुंब दुसऱ्या, अधिक कोंदट खोलीत जाते आणि सहा महिन्यांचा क्षयोपचार मध्येच सुटण्याचा धोका वाढतो. दंड भरला, किंवा २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली घर नियमित झाले, तर कागद सरळ होतो. खिडकीसमोरची भिंत तिथेच राहते.

म्हणून कारवाईची खरी वेळ बांधकाम जोत्याच्या पातळीवर असतानाची आहे. तेव्हा घरात कोणी राहत नसते आणि भिंत दोन मीटर मागे घेणे शक्य असते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचे कर्ज द्यावे, असे निर्देश दिले, तेही बांधकाम वेळीच रोखण्यासाठी. मात्र माणसे राहू लागल्यावर पाणी तोडणे हा आजाराला आमंत्रण देणारा उपाय ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये बेकायदा झोपड्यांतील रहिवाशांचाही पाण्याचा हक्क मान्य केला होता.

जी घरे उभी आहेत, तिथे पालिकेच्या बांधकाम आणि आरोग्य विभागांनी एकत्र जायला हवे. दोन घरांमधल्या फटीवर टाकलेले पत्रे काढणे, भिंतीत वरच्या बाजूला झरोका पाडणे, गटारातून गेलेली पाण्याची नळी बाहेर काढणे, जिना मोकळा ठेवणे ही कामे घर न पाडता होतात. घर घेणाऱ्यांनीही मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र तर मागावेच; शिवाय दुपारी बारा वाजता दिवा न लावता त्या खोलीत उभे राहून पाहावे. वर्तमानपत्र वाचता येत नसेल, तर त्या अंधाराची किंमत पुढे घरातल्या लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या फुप्फुसांना मोजावी लागू शकते.