कपाटाची किल्ली कोणाकडे?

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. आत्या पलंगावर उठून बसली होती आणि दोन्ही हातांनी जबडा धरून पुढेमागे डुलत होती. ओरडायची सोय नव्हती, कारण तोंड दोन बोटांपलीकडे उघडतच नव्हते. चाळीस वर्षे सकाळ-संध्याकाळ लावलेल्या मिश्रीने गालाच्या आत धरलेली गाठ आता बाहेर फुटली होती. मी सिस्टरांना हाक मारली. विशी-बाविशीची मुलगी, धावतच आली. आत्याकडे पाहून तिचेही डोळे भरून आले. म्हणाली, "ताई, मॉर्फिन कपाटात आहे, पण किल्ली सरांकडे असते. सर नऊला येतील."

तिने पॅरासिटामॉलची बाटली लावली. तिच्या हातात तेवढेच होते. नऊ वाजेपर्यंतचे सात तास आत्याने कसे काढले ते मी पाहिले आहे.

ती जागा मीच निवडली होती. जाऊन, फिरून, बघून निवडली होती. पुढे बाग, पांढऱ्या स्वच्छ चादरी, प्रत्येक खोलीला मोठी खिडकी, कोपऱ्यात देवघर, कुठेही दवाखान्याचा वास नाही. माणसे गोड बोलत होती. पाटीवर 'हॉस्पिस' लिहिले होते, म्हणजे बरे न होणाऱ्यांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारी जागा. खाटा किती, जेवण कसले, भेटायच्या वेळा कोणत्या, हे सगळे मी विचारले. रात्री दुखायला लागले तर काय करता, एवढेच विचारले नाही.

त्यानंतर या विषयाचे जे सापडेल ते वाचत गेले, डॉक्टरांना आणि सिस्टरांना भेटत गेले, वॉर्डात बसून राहिले. माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट अशी की, या सेवेची पारख करायला आपण सगळेच नवखे असतो. बाळंतपणाचे हॉस्पिटल कोणते चांगले ते शेजारीण सांगते, कारण ती तिथून मूल घेऊन घरी आलेली असते. हॉस्पिसमध्ये ज्याने सेवा घेतली तो सांगायला उरत नाही. उरतात ती घरची माणसे, आणि ती उपकाराच्या ओझ्याखाली असतात. आपल्याकडच्या चांगल्या संस्थांपैकी बऱ्याच एक पैसाही घेत नाहीत. जिथे फुकट मिळाले तिथे तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असे माणसाला वाटते. म्हणून भेटवहीत सगळे 'देवमाणसे' असेच लिहून जातात. मीही तसेच लिहून आले होते.

अमेरिकेत ही अडचण ओळखून मृत्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी घरच्यांना प्रश्नावली पाठवतात. त्यात 'समाधानी आहात का' एवढ्यावर भागवत नाहीत. मदत मागितली तेव्हा वेळेवर मिळाली का, दुखण्यावर पुरेसा उपाय झाला का, औषधे कशी द्यायची ते तुम्हाला शिकवले का, असे नेमके विचारतात. शिवाय शेवटच्या तीन दिवसांपैकी निदान दोन दिवस नर्स किंवा समाजसेविका प्रत्यक्ष येऊन गेली का, हेही मोजतात. हे मला फार पटले. एरवी आठवड्याला फेरी मारणारा माणूस त्या तीन दिवसांत फिरकला नाही, तर बाकीच्या फेऱ्यांचा काय उपयोग?

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात 1967 साली लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्समध्ये झाली. ते उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या होत्या. मरणाऱ्याचे दुखणे फक्त गाठीत नसते, ते पैशाच्या काळजीत, तुटलेल्या नात्यात, 'मी कोणाचे काय वाईट केले' या प्रश्नातही असते, हे त्यांनी ठासून सांगितले. भारतातले पहिले हॉस्पिस आपल्या मुंबईतले, वांद्र्याचे शांती आवेदना सदन. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ते 1986 मध्ये सुरू केले आणि पुढे गोव्यात व दिल्लीत त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र 1997 पासून आहे. तिथे रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते आणि शुश्रूषा शिकून जाते. केरळने वेगळी वाट धरली. 1993 मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी काम सुरू केले. मग गावोगावचे शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी स्वयंसेवक झाले आणि सेवा इमारतीतून उठून घरात गेली. 2008 मध्ये त्या राज्याने याचे धोरणच केले. म्हणून हॉस्पिस पारखताना इमारत पाहायची माझी खोड मोडली. ज्याला इमारतच नाही, नुसती एक गाडी, एक सिस्टर आणि एक बॅग आहे, अशी सेवाही पहिल्या प्रतीची असू शकते.

आता त्या किल्लीकडे येते, कारण सगळे तिथेच अडते.

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. त्या अफूपासून मॉर्फिन होते, आणि आपला देश ती अफू बाहेर पाठवतो. तरी 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. परवान्यांची संख्या आणि शिक्षेची भीती एवढी होती की, दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. डॉक्टरांच्या एका पिढीने हे औषध हाताळलेच नाही. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन यांसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. ही मान्यता मिळवायला वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो आणि गोळीगोळीचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणून हॉस्पिसमध्ये पाऊल टाकताच पहिला प्रश्न हाच विचारा: तोंडाने घ्यायचे मॉर्फिन तुमच्याकडे आहे का, आणि मधे कधी संपते का? दुसरा प्रश्न: रात्री ते कोण देते? कपाट दुहेरी कुलपात ठेवणे योग्यच आहे, कायद्याने हिशेब द्यावा लागतो. पण रात्रपाळीच्या सिस्टरला डॉक्टरांनी आगाऊ लिहून ठेवलेली जादा मात्रा देता यायला हवी.

तिसरा प्रश्न लाजिरवाणा वाटेल, पण विचाराच. मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचे औषध देता का? मॉर्फिनने हटकून बद्धकोष्ठ होते आणि ते काही दिवसांनी जात नाही. जाणता डॉक्टर पहिल्याच दिवशी दोन्ही लिहितो. ज्या केसपेपरवर मॉर्फिन आहे आणि रेचक नाही, तिथे हे काम शिकलेले माणूस नाही असे खुशाल समजा. हे औषध दर चार तासांनी लागते. जाणती माणसे निजतानाची मात्रा वाढवून देतात, म्हणजे रुग्णाला मध्यरात्री उठवावे लागत नाही.

'मॉर्फिन सुरू केले म्हणजे आता संपलेच' ही समजूत घराघरांत आहे. आमच्याकडेही होती. काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, पहिले दोन दिवस गोळी खिशात लपवून ठेवली होती. ती समजूत काढण्यात जी संस्था वेळ घालवते, पुन्हा पुन्हा तेच न कंटाळता सांगते, तिच्या खात्यात मी जास्त गुण टाकीन.

आत्याला आम्ही तिसऱ्या दिवशी घरी आणले आणि घरी येणारे एक पथक मिळाले. आलेल्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी फाइल उघडण्याआधी हात धुतले, आत्याच्या शेजारी पलंगावर बसल्या आणि खिशातून छोटी बॅटरी काढली. "आक्का, जरा आ करता? जमेल तेवढाच." आत पांढरा थर होता. बुरशी. त्या जागी तीन दिवस रोज तपासणी झाली होती, पण तोंडात कोणी पाहिले नव्हते. आत्या जेवत नाही म्हणून नळी घालायची गोष्ट चालली होती. सिस्टरांनी बुरशीचे औषध सुरू केले, ओल्या मऊ फडक्याने तोंड पुसायला मला शिकवले. चौथ्या दिवशी आत्याने गार ताक मागितले.

मग त्यांनी आत्याला कुशीवर वळवून पाठ पाहिली, माकडहाडाजवळ बोट दाबले, टाचा पाहिल्या. गालाच्या जखमेला वास येत होता. आत्याला त्याची एवढी शरम की नातवंडांना खोलीत येऊ देत नव्हती. सिस्टरांनी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून त्याची पूड जखमेवर भुरभुरली. दोन-तीन दिवसांत वास खूपच कमी झाला आणि धाकटी नात आजीच्या पायाशी बसून चित्रे काढू लागली. या गोळीला अगदी थोडे पैसे पडतात. पांढऱ्या चादरींच्या त्या जागेत आम्हाला सुगंधी फवारा दिला होता.

तेव्हा कुठल्याही हॉस्पिसमध्ये गेलात तर भिंतींऐवजी तीन गोष्टी पाहा: रुग्णांची तोंडे, रुग्णांच्या पाठी आणि पलंगाला लावलेला कागद. त्या कागदावर दुखण्याचा आकडा असायला हवा. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. कॅनडातल्या एडमंटनमध्ये 1991 साली तयार झालेला तक्ता आज जगभर वापरतात. त्यात दुखण्याबरोबर मळमळ, धाप, थकवा, उदासी यांचीही तशीच नोंद होते. आकडा नुसता लिहिलेला असून भागत नाही. आठ लिहिल्यावर काय केले आणि तासाभराने किती झाला, हे शेजारी आहे का ते पाहायचे. सगळ्या रुग्णांचा, सगळ्या दिवसांचा आकडा तीनच असेल तर तो कोणी विचारलेला नाही.

राजगोपाल यांच्यासारख्या जाणत्यांनी एकत्र येऊन भारतातल्या केंद्रांसाठी किमान निकषांची यादी केली आहे, आणि केंद्रांनी त्यावर स्वतःलाच तपासायचे अशी तिची रीत आहे. मला ती रीत मोलाची वाटते. 'तुम्ही स्वतःला शेवटचे कधी तपासले आणि काय कमी सापडले?' असे विचारल्यावर एका केंद्रप्रमुखांनी मला सरळ सांगितले की, कुटुंबांचा पाठपुरावा आम्ही नीट करत नाही. त्या केंद्रावर माझा विश्वास बसला तो या उत्तरामुळे.

बोलण्याचीही पारख करावी लागते. आपल्या घरांत 'त्यांना काही सांगू नका' हे वाक्य ठरलेले. अननुभवी डॉक्टर एक तर निमूट खोटे बोलतो, नाहीतर सगळे एकदम सांगून मोकळा होतो. आमच्या सिस्टरांनी काकांना एवढेच विचारले, "आक्कांना काय वाटतंय, हे तुम्ही कधी विचारलंत?" काकांनी विचारले नव्हते. आत्याला सगळे ठाऊक होते. तिला फक्त पाटल्या कोणाला द्यायच्या ते सांगायचे होते, आणि सगळे जण 'तू बरी होशील' म्हणून तिचे तोंड बंद करत होते.

शेवटच्या रात्री घशात घरघर सुरू होते. ती ऐकणाऱ्याला असह्य होते, रुग्णाला बहुधा जाणवत नाही. शिकलेली माणसे नळी घालून ओढत बसत नाहीत, कुशीवर वळवतात, लागले तर इंजेक्शन देतात आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवतात. गंगाजल आणि तुळशीचे पान ओठावर ठेवू देतात, घोटभर पाणी ओतू देत नाहीत, ते का तेही सांगतात. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला कोण देणार, हेही विचारून ठेवा. त्या कागदासाठी पहाटे डॉक्टर शोधत फिरणारी माणसे मी पाहिली आहेत. व्हेंटिलेटर नको हे कोणी शुद्धीत असताना लिहून ठेवले असेल, तर चांगली संस्था तो कागद मागून घेते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली, 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आणि 2024 मध्ये गोव्यात न्यायमूर्ती म. श. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र करून पायंडा घातला.

एक गोष्ट मात्र संस्थेच्या हातात नसते, आपल्या असते: वेळेवर जाणे. 2010 साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानानंतर लगेच उपशामक, म्हणजे त्रास कमी करणारी, सेवाही मिळाली त्यांचे दिवस अधिक सुखात गेले, आणि आयुष्यही मध्यकाने 8.9 ऐवजी 11.6 महिने निघाले. आपण अखेरच्या आठवड्यात धावतो. आत्याला त्या सिस्टर एकोणीस दिवस मिळाल्या. गाठ मात्र वर्षभर दुखत होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगभरात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना या सेवेची गरज पडते आणि ती साधारण 14 टक्क्यांना मिळते. हे आकडे वाचले की निवडायची, पारखायची भाषा चैनीची वाटू लागते. आहे त्यात समाधान माना, असे मला एकदोघांनी सुनावलेही. मला ते मान्य नाही. त्या रात्री मॉर्फिन त्याच इमारतीत होते.

आत्याच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी सिस्टर पुन्हा आल्या. आम्ही बोलावले नव्हते. काकांच्या समोर बसल्या, झोप लागते का, जेवता का, औषधे वेळेवर घेता का ते विचारले. काका बराच वेळ बोलत राहिले, मुख्यतः ताकाबद्दल. मग सिस्टरांनी उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मागितल्या. काकांनी देव्हाऱ्याखालच्या खणातून पाकीट काढून दिले. सिस्टरांनी ते चटईवर ओतले, गोळ्या दोनदा मोजल्या, अकरा भरल्या. वहीत तारीख घालून 'अकरा परत' लिहिले आणि काकांची सही घेतली. निघताना पायरीवर थांबून त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात परत येते. तेव्हा काका, ताक करून ठेवा."