काकूंचा एन-४००

एन-४०० म्हणजे अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज. एडिसनमधल्या ओळखीच्या ज्येष्ठांना तो भरून देताना माझा निम्मा वेळ लग्नकार्यांत जातो. गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर केलेला प्रत्येक प्रवास तारखांसह लिहावा लागतो. काकू सांगतात, "पुतणीच्या लग्नाला गेले, ती गणपती उरकूनच आले." मग मुलाच्या ईमेलमधून विमानाची तिकिटं शोधायची, पासपोर्टावरचे पुसट शिक्के भिंगाखाली धरायचे आणि त्या गणपतीला इंग्रजी तारीख मिळवून द्यायची.

हा हिशेब चोख लागतो, कारण पाच वर्षांतले किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. शिवाय एकच फेरी सहा महिन्यांच्या पुढे गेली, तर वास्तव्य खंडित झालं असं गृहीत धरलं जातं, आणि ते तसं झालं नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचं. काकूंची एक फेरी दिरांच्या आजारपणात लांबली होती. "माणूस अंथरुणाला खिळलेला, कशी निघणार?" हे कारण सोलापुरात कुणालाही पटेल. इथे त्यासोबत घर चालू होतं, कर भरले जात होते, याचे कागद जोडले.

नावांचा रकाना तर आमच्या बायकांची परीक्षाच पाहतो. पूर्वी वापरलेली सगळी नावं लिहा, म्हणे. काकूंचं माहेरचं आडनाव वेगळं, मधलं नाव वडिलांचं, आणि लग्नात तांदळावर लिहून पहिलं नावही बदललेलं. जन्मतारीख १ जून. ती मास्तरांनी शाळेत घालताना ठरवलेली. त्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र त्याच दिवशी जन्मला. सगळ्या कागदांवर तीच असल्यामुळे निदान तिथे वाद नव्हता.

काकूंच्या वयाचा एक फायदा झाला. वय ६५ च्या वर आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं काढलेली असतील, तर इंग्रजीची चाचणी माफ होते. नागरिकशास्त्राचे प्रश्नही २० च्या छोट्या यादीतून येतात: विचारायचे १०, बरोबर हवेत ६, आणि उत्तर मराठीत दिलेलं चालतं. इतरांचं ओझं मात्र वाढलं आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली. २० पैकी १२ बरोबर यावे लागतात. काकूंनी काँग्रेसची दोन सभागृहं लोकसभा-राज्यसभेशी जोड्या लावून पाठ केली.

मुलाखतीला दुभाषी म्हणून मीच गेले. आधी आम्हा दोघींना शपथ दिली. नियम एकच, जे बोललं जाईल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. उत्तर मला ठाऊक आणि काकू छताकडे बघताहेत, तेव्हा गप्प बसणं फार कठीण जातं.

अवघड भाग पुढेच होता. तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षात होता का? वंशसंहारात भाग घेतला होता का? वेश्याव्यवसाय केला का? सासरच्या माणसांसमोर आयुष्यभर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेल्या बाईला हे मराठीत, मान वर करून विचारायचं. तिसऱ्या प्रश्नाला काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तो मलाच सुचला होता. कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलाल का, याला मात्र त्या ताडकन "हो" म्हणाल्या.

शपथविधी आटोपशीर असतो. दारात ग्रीन कार्ड काढून घेतात, मुलाखतीनंतर प्रवास केला का वगैरे पुन्हा विचारतात, सामूहिक शपथ होते आणि प्रमाणपत्र हातात येतं.

भारताच्या बाजूचं काम त्यानंतर सुरू होतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. जुना पासपोर्ट सोपवून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय कार्डासाठी अर्ज करायचा. त्या कार्डावर भारतात हवं तितकं राहता येतं, मतदान करता येत नाही.

काकूंना मताचं फारसं वाटलं नाही. त्यांनी विचारलं सातबाऱ्याचं. वारशाने आलेली शेतजमीन त्यांचीच राहते, हे समजावलं. पण बांधाला लागून असलेलं दिरांचं रान विकायला निघालं आहे आणि ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. "मग हे आधी का नाही सांगितलंस?" असं म्हणत त्यांनी सोलापूरला फोन लावला.