गावच नसलेल्यांची वंशावळ

13 शिपाई, जोहाना बेटावरचे 10 जण, शुपांगाचे 2, याओ जमातीचे 2 आणि नाशिकची 9 मुलं. 1866 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासाला निघाले, तेव्हा आपल्या ताफ्याची नोंद त्यांनी अशी करून ठेवली. ही 9 मुलं नाशिकजवळच्या शरणपूरची, पण जन्माने आफ्रिकन. लहानपणी पकडून विकलेली, ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रातल्या गलबतांवरून सोडवून मुंबईत उतरवलेली. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने 1854 मध्ये वसवलेल्या शरणपुरात अशा मुलांसाठी आश्रम होता. तिथे त्यांना अक्षरओळख झाली, हातात कसब आलं आणि प्रत्येकाला एक नवं नाव मिळालं.

वंशावळ शोधणाऱ्याची पहिली अडचण हे नवं नावच आहे. 9 जणांपैकी एक सायमन प्राइस, दुसरा रिचर्ड आयझेनबर्ग. प्राइस हे शरणपूरच्या संस्थापकाचं आडनाव, आयझेनबर्ग हे मुंबईतल्या एका मिशनऱ्याचं. पुढे 1872 मध्ये लिव्हिंग्स्टनकडे गेलेल्या नाशिकच्या तुकडीत दोन वेनराइट होते आणि दोन रटन. दत्तक दिल्यासारखी नावं वाटली जात असताना सारखं आडनाव हा रक्ताच्या नात्याचा पुरावा धरता येत नाही. त्याच तुकडीतल्या मॅथ्यू वेलिंग्टन यांचं मूळ नाव चेंगविम्बे होतं, हे कळतं ते त्यांना दीर्घ आयुष्य लाभलं आणि त्यांची हकिगत लिहून घेतली गेली म्हणून.

आपल्याकडचा शोध नेमका उलट्या वाटेने जातो. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या एखाद्या गोंड कुटुंबाला जातवैधता हवी असेल, तर 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुक, बंदोबस्ताची मिसल यांचा शोध सुरू होतो. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला, त्यामुळे जुने कागद भंडाऱ्याच्या नावावर असतात. या शोधात हेलपाटे आहेत, मनस्ताप आहे, एका अक्षराच्या चुकीने अडलेलं मुलाचं शिक्षण आहे. पण धरायला एक खुंटा तरी आहे, तो म्हणजे गाव. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा त्याच शिवारात सापडण्याची शक्यता असते. गलबतावरून उतरवलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोराला हा खुंटाच नव्हता.

मोठ्या प्रमाणावर हेच अमेरिकेत घडलं. 1860 च्या जनगणनेत 39,53,760 गुलाम मोजले गेले. वेगळ्या तक्त्यात मालकाचं नाव, त्याखाली वय, लिंग आणि वर्ण. गुलामाचं नाव जवळपास कुठेच नाही. त्याच वर्षी स्वतंत्र असलेल्या 4,88,070 कृष्णवर्णीयांची मात्र नावानिशी नोंद झाली. बाकीच्यांना नावं मिळाली ती 1870 मध्ये. म्हणून तिथले शोधक 1870 ला भिंत म्हणतात आणि ती ओलांडायला पूर्वजाऐवजी मालकाचे कागद वाचतात: मृत्युपत्रं, कर्जाची गहाणखतं, मालमत्तेच्या याद्या. माणूस शोधायचा आणि तो गुराढोरांच्या यादीत सापडायचा, हे वाचताना हात थरथरल्याशिवाय राहत नाही.

शरणपूरसाठीही मार्ग हाच: ज्याने मोजलं त्याचं दप्तर उघडायचं. आरमाराच्या जहाजाने कोणत्या तारखेला किती जण उतरवले, त्या सुमारास किती जणांचा बाप्तिस्मा झाला, कोण कोणासोबत शिकलं, कोणी कोणाशी लग्न केलं. एकट्याचा माग लागत नाही, सोबत आलेल्यांचा लागतो. चर्च मिशनरी सोसायटीचे कागद बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, आणि सरकारी दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात.

मे 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचा देह दीड हजारांहून अधिक किलोमीटर वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत नाशिकचे जेकब वेनराइट होते. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही ते होते, आणि त्यांनी स्वतःची रोजनिशीही ठेवली. आश्रमातल्या बहुतेकांच्या हातून असा कागद लिहिला गेला नाही.

जून 1873 मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या प्रयत्नांतून झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध करार झाला. मग प्राइस मोम्बासाला गेले, 1875 मध्ये तिथे फ्रिअर टाउन वसलं आणि सुमारे 150 'बॉम्बे आफ्रिकन' समुद्र ओलांडून परतले. त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर 1885 मध्ये ख्रिस्ती धर्मसेवक म्हणून दीक्षित झाले. वेलिंग्टन 1935 पर्यंत मोम्बासात होते. केनियातल्या या कुटुंबांच्या वंशावळीचा सर्वांत जुना दुवा म्हणूनच नाशिकच्या एखाद्या नोंदवहीत असण्याचा संभव मोठा.

जे भारतातच राहिले त्यांचं काय? 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जमात म्हणून आफ्रिकन वंशाच्या सिद्दींची संख्या 19,514 आहे: कर्नाटकात 10,477, बाकीचे बहुतेक गुजरातेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दी नाहीत, त्यामुळे जंजिऱ्याच्या या राज्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र ओळच छापली जात नाही. मोजणीच नाही, म्हणजे पन्नास वर्षांनी शोधणाऱ्याला दाखवायला कागदही नाही.

अमेरिकेत मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याच्या दप्तरातून सुमारे 18 लाख नावांची सूची 2016 पर्यंत तयार झाली. 25 हजारांवर स्वयंसेवकांनी ती घरबसल्या उतरवून काढली. शरणपूरचा पसारा त्यापुढे अगदी लहान आहे. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने मनावर घेतलं, तर बर्मिंगहॅम आणि लंडनहून प्रती मागवून ही नावं देवनागरीत लावता येतील, आणि प्रत्येक नावासमोर मूळ आफ्रिकन नावासाठी एक रकाना रिकामा ठेवता येईल.