समुपदेशकाशी आपलं जुळतंय का?

मन सारखं उदास, झोप नाही, म्हणून एखादी ताई गिरणाऱ्याहून बस धरून गंगापूर रोडला समुपदेशकाकडे येते. भाडं खर्च करते, रोज बुडवते. आणि दुसऱ्या खेपेला जातच नाही. घरचे म्हणतात, "हिलाच बरं व्हायचं नाही." खरं कारण वेगळं असू शकतं. तिथं तिचं मनच मोकळं झालेलं नसतं.

हे नातं मोजता येतं. १९७९ मध्ये एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी त्यात तीन गोष्टी पाहिल्या: काय साधायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवर विश्वास.

पुढे अमेरिकेत स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि सहकाऱ्यांनी एक सोपा कागद तयार केला. त्यावर १० सेंटिमीटरच्या चार रेघा. भेट संपताना आपण प्रत्येक रेघेवर खूण करायची:

१. माझं ऐकून घेतलं का, मान दिला का?
२. मला जे बोलायचं होतं, त्यावर बोलणं झालं का?
३. त्यांची पद्धत मला पटते का?
४. एकूण आजची भेट बरी गेली का?

चारही मिळून ४० गुण. ३६ किंवा कमी आले, तरी समुपदेशकाने विचारायचं, "काय राहिलं?" ३६ म्हणजे चांगलेच गुण की! पण भिडेपोटी माणूस जास्तच गुण देतो, म्हणून ही रेषा इतकी वर. लिहिता-वाचता येत नसेल, तर प्रश्न वाचून दाखवता येतात.

आपल्या शेजारी गोव्यात 'संगत' संस्थेने गावातल्याच साध्या माणसांना समुपदेशन शिकवलं. आरोग्य केंद्रात उदासीच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटी. भेटींचं रेकॉर्डिंग ऐकून समुपदेशक एकमेकांच्या कामाला गुण देत. तीन महिन्यांनी अशा मदतीने १०० पैकी ६४ जण उदासीतून बाहेर आले. ती नसलेल्या गटात ३९.

असा कागद प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. पण चार प्रश्न आपल्या मनाशी ठेवता येतात. बचत गटाच्या बैठकीत हिशोब पटला नाही तर आपण विचारतोच ना? तसंच इथंही म्हणा, "ताई, हे मला जमत नाही." यात अपमान नाही. सांगूनही जुळलं नाही, तर समुपदेशक बदला. उपचार सोडू नका. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

दवाखाना लांब असेल, तर सरकारची टेलिमानस सेवा आहे: १४४१६. चोवीस तास, मोफत.