सुईने कंबर हलकी होते, पण साखरेची गोळी बंद करू नका : अ‍ॅक्युपंक्चरबद्दल जाणून घ्या

जासई : भाताची लावणी आटोपली की उरण-पनवेल पट्ट्यातल्या घराघरात एकच तक्रार ऐकू येते. कंबर धरली. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोप लावायचं, संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. ज्यांची शेती राहिली नाही त्यांचंही काही वेगळं नाही. कंटेनर यार्डातले ड्रायव्हर बारा-बारा तास सीटवर बसून असतात, मासळीची पाटी डोक्यावर वाहिलेल्या बायांची मान आखडलेली असते आणि साठी ओलांडलेल्या माणसांचे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात. गोळी घेतली की दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "अमक्या ठिकाणी सुया टोचतात, एकदा जाऊन बघ."

या सुया म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर. पनवेल, नवी मुंबईत त्याचे दवाखाने आहेत, गावोगाव शिबिरंही लागतात. पण त्याचा खरंच फायदा होतो का, कशाला होतो, कशाला होत नाही आणि टोचणारा माणूस कसा पारखायचा, हे माहीत असलेलं बरं. कारण यात पैसा जातो, आणि चुकीच्या आजारात वेळही जातो.

पहिली गोष्ट म्हणजे ही सुई इंजेक्शनची नाही. ती भरीव असते, पोकळ नसते, तिच्यातून कुठलंही औषध आत जात नाही. केसापेक्षा थोडी जाड म्हणता येईल इतकी ती बारीक असते. पाच-दहा सुया टोचून माणसाला वीस ते तीस मिनिटं पडून राहायला सांगतात. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग त्या जागी जडपणा किंवा मुंग्या येतात. काही ठिकाणी सुयांना वायर लावून हलका करंट देतात. एका बैठकीत काम होत नाही, साधारण आठ-दहा बैठका सांगितल्या जातात.

चिनी शास्त्रात असं मानलं आहे की अंगात 'ची' नावाची एक शक्ती ठरलेल्या वाटांनी वाहते. या मुख्य वाटा चौदा आणि त्यांच्यावर ३६१ बिंदू. शेताच्या पाटात कचरा अडकला की पुढच्या वाफ्याला पाणी जात नाही, तसं ही वाट तुंबली की आजार होतो आणि सुईने ती मोकळी होते, अशी ही कल्पना. कल्पना समजायला सोपी आहे, पण शरीर उघडून बघितलं तर अशी वाट कुठे सापडत नाही. आजच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे. सुई टोचली की तिथल्या नसा जाग्या होतात, त्याची खबर मेंदूला जाते आणि मेंदू स्वतःची वेदना कमी करणारी रसायनं सोडतो. म्हणजे दुखणं कमी वाटण्याला काही आधार आहे. मात्र अमुक बिंदू म्हणजे लिव्हर आणि तमुक बिंदू म्हणजे किडनी, हे जे तक्त्यावर दाखवतात, त्याला तसा आधार नाही.

आता मुद्द्याचं, गुण येतो का? यावर जगात बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. त्यातली जर्मनीतली एक सांगण्यासारखी आहे. जुनाट कंबरदुखी असलेल्या ११६२ लोकांचे तीन गट केले. एकाला शास्त्राप्रमाणे बिंदूंवर सुया, दुसऱ्याला खोट्या जागी वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार म्हणजे गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी बघितलं तर पहिल्या गटात शंभरातल्या सुमारे ४८ जणांना चांगला फरक होता, नेहमीच्या उपचारवाल्यांत फक्त २७ जणांना. म्हणजे सुयांनी बाजी मारली. पण खोट्या सुयांच्या गटात किती? ४४!

या आकड्यावर थांबून विचार करायला हवा. खऱ्या जागी टोचा की भलत्या जागी टोचा, फरक थोडाच. मग गुण कशाने आला? थोडा सुईने, आणि बराचसा बहुतेक अर्धा तास शांत पडून राहण्याने, कुणीतरी हात लावून नीट विचारपूस करण्याने आणि आता बरं वाटणार या विश्वासाने. काही जण यावरून म्हणतील की सगळं थोतांड आहे. पण ज्याची कंबर सहा महिने हलकी राहिली त्याच्या दृष्टीने ते थोतांड नाही. जर्मनीने २००७ पासून कंबर आणि गुडघ्याच्या जुन्या दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च विम्यात धरला. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने मात्र २०१६ मध्ये कंबरदुखीच्या यादीतून ते काढून टाकलं, व्यायामावर भर द्या म्हणाले. पुरावे बहुतेक तेच, दोन देशांनी अर्थ दोन काढले.

अर्धशिशीच्या बाबतीत मत जरा जास्त अनुकूल आहे. वारंवार डोकं उठणाऱ्यांना नेहमीची औषधं सोसली नाहीत तर पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठका कराव्यात, असं ब्रिटनचं मार्गदर्शन सांगतं. मळमळीसाठी तर सुईचीही गरज लागत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्यांच्या मधली जागा अंगठ्याने दाबायची. ऑपरेशननंतरच्या उलटी-मळमळीवर याच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत आणि फायदा दिसला आहे. एसटीत उलटी होणाऱ्याने करून बघायला हरकत नाही, फुकट आहे.

इथपर्यंत ठीक. गडबड होते ती पुढे. शिबिराच्या बॅनरवर कंबर, गुडघ्याच्या शेजारीच शुगर, बीपी, थायरॉईड, लकवा, मूल न होणे, सगळं एका रांगेत छापलेलं असतं. सुईने मधुमेह बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही. सुया चालू केल्या म्हणून इन्सुलिन किंवा गोळी बंद केली तर साखर वाढणारच, आणि ती वाढलेली लगेच कळत नाही. पायाची जखम चिघळते, डोळ्यावर परिणाम होतो, तेव्हा कळतं. बीपीचंही तसंच. दुखणं माणसाला कळतं, त्यामुळे कमी झालं की नाही हे त्याचं तो सांगू शकतो. साखर आणि बीपी मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून मशीनचा आकडा काय म्हणतो तेच खरं.

मूल होण्यासाठी टेस्ट ट्यूबचे उपचार घेणाऱ्या जोडप्यांना जोडीला सुया घ्यायला सांगतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर याची तपासणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला. खऱ्या सुया घेतलेल्यांत १८.३ टक्के बायकांना मूल झालं, खोट्या सुयावाल्यांत १७.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. आधीच कर्ज काढून उपचार घेणाऱ्या घराने हा खर्च वाचवावा.

ही विद्या आपल्याकडे आली त्यातही महाराष्ट्राचा धागा आहे. जपानने चीनवर हल्ला केल्यानंतर १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला म्हणून नाव सर्वांना माहीत आहे. अ‍ॅक्युपंक्चर कोटणीसांनी आणलं असं बरेच जण सांगतात, पण ते बरोबर नाही. कोटणीस सर्जन होते, रणांगणावर जखमींची ऑपरेशनं करत होते. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुया शिकले आणि परत येऊन त्यांनी कलकत्त्यात उपचार सुरू केले. तिथून ते देशभर पसरलं. पुढे अनेक दवाखान्यांना कोटणीसांचं नाव दिलं गेलं, त्यामुळे हा गोंधळ झाला असावा.

असाच दुसरा गोंधळ अमेरिकेत झाला. जेम्स रेस्टन नावाचा मोठा पत्रकार १९७१ मध्ये चीनमध्ये असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. भूल नेहमीच्या औषधाने दिली होती, सुया लावल्या त्या नंतर पोट फुगलं तेव्हा. पण गोष्ट फिरत फिरत अशी झाली की सुया टोचून भूल न देता पोट फाडलं! आजही ती तशीच सांगतात.

सुयांबरोबर चिनी औषधंही येतात. पुड्या, गोळ्या, पट्ट्या. इथे दोन्ही बाजू बघाव्या लागतात. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध चीनच्या तू यूयू या बाईंनी जुन्या चिनी ग्रंथातल्या उल्लेखावरून शोधलं आणि त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. आज आपल्या सरकारी दवाखान्यात मेंदूपर्यंत जाणाऱ्या मलेरियाला त्याच जातीची औषधं देतात. ज्या झाडापासून ते निघतं ते आपल्या दवण्याच्याच कुळातलं, जोतिबाला वाहतात तो दवणा. पण ग्रंथात लिहिलंय म्हणून त्यांनी पाला उकळून लोकांना पाजला नाही. उकळल्यावर गुण जातो हे प्रयोगात दिसलं, मग थंड पद्धतीने अर्क काढला, आधी उंदीर-माकडांवर आणि मग स्वतःवर तपासला.

उलट बाजू बेल्जियमची. १९९० च्या सुमारास तिथे वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या खराब झाल्या, काहींना पुढे कॅन्सर झाला. कारण होतं अ‍ॅरिस्टोलोकिया नावाच्या वेलीतलं विष. हे वाचून चीनला नावं ठेवायच्या आधी आपल्या बांधावर बघावं. त्याच जातीची वेल आपल्याकडे ईश्वरी म्हणून ओळखतात आणि साप चावला की तिचं मूळ उगाळून देणारे अजून आहेत. सापाच्या विषावर तिचा उपयोग नाही, किडनीला मात्र धोका आहे. साप चावला तर १०८ ला फोन आणि दवाखान्यातलं सर्पविषावरचं इंजेक्शन, दुसरं काही नाही. तसंच कुठल्याही नावाच्या, पण लेबलवर घटक न लिहिलेल्या गोळीने सांधेदुखी दोन दिवसांत गायब झाली तर शंका घ्यावी. अशा गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेलं बऱ्याच वेळा सापडलं आहे.

आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं पावसाळ्याचं. लावणीनंतर अंग दुखतं हे खरं, पण अंगदुखीबरोबर ताप असेल, पोटऱ्या हात लावू देत नसतील, डोळे लाल झाले असतील, तर तो लेप्टो असू शकतो. उंदराच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून, पायाच्या बारीक जखमेतून तो शिरतो, आणि भातशेती म्हणजे त्याच पाण्यात उभं राहणं. लवकर गेलं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो, उशीर झाला तर किडनी, फुप्फुस धरतो. अशा माणसाला सुया टोचून घरी पाठवलं तर दोन-तीन दिवस फुकट जातात आणि तेच दिवस मोलाचे असतात.

कंबरदुखीतही काही खुणा वेगळ्या असतात. पाय बधिर पडतोय, लघवी-संडासवर ताबा राहत नाही, रात्री झोपेतून उठवणारी कळ, वजन उतरतंय, बारीक ताप आणि खोकला चालू आहे, म्हातारं माणूस पडल्यानंतर दुखतंय. यात आधी एक्स-रे किंवा डॉक्टरची तपासणी, कारण मणक्याचा टीबीही कंबरदुखी म्हणूनच सुरू होतो. आणि तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर सुईवाल्याकडे अजिबात नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. जासईहून दवाखान्यापर्यंत कंटेनरच्या रांगेत किती वेळ जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको.

सुया घ्यायच्याच असतील तर माणूस बघून घ्या. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे आणि उपचार करणाऱ्याची तिथे नोंदणी लागते. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा नोंदणी नंबर विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, खरा असेल तो भिंतीवर लावलेलं सर्टिफिकेट दाखवतो. या नोंदणीवर सलाईन किंवा अँटिबायोटिक देता येत नाही हेही लक्षात ठेवा.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि वापरलेली सुई तुमच्यासमोर डब्यात गेली पाहिजे. स्पिरिटने पुसून परत वापरलेल्या सुईतून कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही पसरू शकतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, बाई गरोदर असेल, हृदयात पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. छातीवर आणि खांद्याच्या वरच्या बाजूला सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. असं क्वचित होतं, पण झालं आहे. सुया घेऊन आल्यावर दम लागला, छातीत टोचायला लागलं तर रात्र काढू नये, लगेच दवाखाना गाठावा.

पैशाचं आधी बोलून घ्यावं. दहा बैठकांचं पॅकेज पहिल्याच दिवशी भरून टाकायची गरज नाही. चार-पाच बैठका घ्या, आधी किती वेळ वाकून काम होत होतं आणि आता किती होतं ते घरच्यांना विचारा. फरक नसेल तर तिथेच थांबा. फरक पडला तरी कंबरेचा व्यायाम सोडू नका. तो फिजिओथेरपीच्या माणसाकडून एकदा नीट शिकून घेतला की घरच्या ओटीवर चटई टाकून रोज करता येतो.